सगळेच पहाऱ्यावर, मग नांगर कोण धरणार?

प्रश्न: सर नमस्कार, मी एक फँटसी कादंबरी लिहितोय. त्यात वज्रसीमा म्हणून सरहद्दीवरचा प्रांत आहे, पलीकडे राक्षसांचं राज्य. इथे आठ वर्षांच्या पोराकडेपण तलवार, सगळेच सैनिक, दुसरा धंदाच नाही. मित्र म्हणतो हे लोक दोन वर्षांत उपाशी मरतील. त्याचं बरोबर आहे का?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर: मित्राला एक कटिंग पाज, त्याचं बरोबर आहे. पण वज्रसीमा लगेच फाडून टाकू नकोस, कारण असा प्रांत खरंच होता आणि तीनशेच्या वर वर्षं टिकला. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या राजांनी 16 व्या शतकापासून तुर्कांच्या हद्दीला लागून, आजच्या क्रोएशिया-सर्बियाच्या बाजूला, तो उभा केला, तिकडे त्याला क्रायिना म्हणतात. पलीकडून पळून आलेल्यांना जमीन दिली, जमीनदाराची वेठबिगार माफ, आणि बदल्यात घरातल्या माणसाने पहाऱ्याला यायचं.

आता तुझा नांगर. तिथे एकत्र कुटुंब असायचं, झाद्रुगा, म्हणजे एक भाऊ चौकीवर गेला तरी दुसरा पेरणी करतोय, आणि म्हणूनच सरकारला वाटण्या नको असायच्या, 1807 च्या कायद्यात तर या एकत्र घरांना मुद्दाम धरून ठेवलंय. विचार कर, भावकीत जमिनीवरून पेटलंय आणि वाटणी करायची तर वर लष्करी साहेबाला विचारा! तुझ्या राक्षसांपेक्षा या घरात जास्त स्टोरी आहे, खरं सांगतो.

आणि तो साहेब नुसता लढाईपुरता नाही. 18 व्या शतकात तिथे जिल्हे नव्हतेच, रेजिमेंटच्या हद्दी होत्या, रेजिमेंटचा कॅप्टन तोच तुमचा मामलेदार. पहारापण फक्त शत्रूवर नसायचा, तुर्कांकडून प्लेग येऊ नये म्हणून प्रवाशांना क्वारंटाईनमध्ये डांबायचे, चोरून हद्द ओलांडली तर गोळी घालायची मुभा होती. वज्रसीमेत रोगराई आण, लढाईपेक्षा तीच लोकांना जास्त छळेल.

अजून एक, एवढ्या हत्यारबंद लोकांची राजाला भीती नाही वाटणार? आपल्याकडे महाराजांनी गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे ठेवले, एकट्याने फितूर होऊन गड देता येऊ नये म्हणून. तुझ्या सेनापतीच्या डोक्यावर कोण आहे ते मला पत्रात कुठेच दिसलं नाही.

शेवटचा प्रश्न तुलाच. तुर्कांची धास्ती कधीच ओसरली होती, तरी क्रायिना 1881 पर्यंत चालू होती, आणि ते सैनिक मधल्या काळात पार प्रशियाशी (उत्तर जर्मनीतलं राज्य) नाहीतर नेपोलियनशी लढायला पाठवले जायचे. तुझे राक्षस संपले तर वज्रसीमेच्या पोरांना राजा कुठे पाठवणार?