12 आठवड्यांचा शिष्यत्व कोर्स केला नाही तर मी शिष्य नाही का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 12 आठवड्यांचा शिष्यत्व कोर्स आता सक्तीचा केलाय, तो न करता माणूस शिष्य ठरतो का. आणि त्यापेक्षा घरीच बायबल वाचलं, प्रार्थना केली तर चालेल का. पहिल्याचं उत्तर, ठरतो. दुसऱ्याचं, नाही चालत. हे दुसरं मी जरा जोरात म्हणतोय कारण 24 व्या वर्षी मला एकट्याला सोडलं असतं तर आज मी मंडळीत नसतो, विश्वासात तरी असतो की नाही माहीत नाही. हे मी कधी लिहिलेलं नाही पण तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

1997 ची गोष्ट. आम्ही भायखळ्याला राहायचो, मी एका कुरिअर कंपनीत क्लार्क, पगार 2200, आणि मंडळीच्या तरुण संघाचा खजिनदार. त्या वर्षी कापणीच्या सणाचा हिशोब माझ्याकडे दिला होता. त्या सणाला लोकांनी आणलेल्या वस्तूंचा मंडळीसाठी लिलाव होतो, तो कसा असतो तुम्हाला माहीतच असेल, भोपळे, केळ्यांचे घड, लोणच्याच्या बरण्या, कोणीतरी नगरहून आणलेली गावठी कोंबडी, आणि एक केक जो तीन-तीनदा विकला जातो कारण घेणारा तो परत मंडळीलाच देतो. बोली जोरात लागते पण पैसे सगळे तिथल्या तिथे येत नाहीत. वहीत नाव लागतं आणि मग खजिनदार पुढचे तीन-चार आठवडे पावती पुस्तक घेऊन माझगाव, नागपाडा, परळ, कुर्ला, पार कल्याणपर्यंत फिरतो. मी फिरलो. 11,400 जमले.

त्याच वेळी माझी बहीण मिरजेला नर्सिंगला होती आणि हॉस्टेलच्या फीची शेवटची तारीख आली. बाबांना 1982 च्या संपानंतर गिरणीने परत घेतलंच नव्हतं, ते वॉचमनकी करत होते. मी त्या जमलेल्या पैशातले 3000 उचलले आणि मिरजेला मनिऑर्डर केली. दिवाळीचा बोनस आला की टाकून देऊ असं ठरवलं होतं. त्या वर्षी बोनस दिलाच नाही. मी बँकेत 8,400 भरले आणि गप्प बसलो. घरी सांगितलं ऑफिसमधून उचल घेतलीय.

आमच्या पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीवर, एक जण होते, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, सगळी मंडळी त्यांना मामा म्हणायची. हिशोब तपासायचं काम त्यांचं. शिक्षण सातवी, पण पावतीची स्थळप्रत आणि बँकेची स्लिप समोरासमोर ठेवून बसायची त्यांना सवय होती. एका मंगळवारी संध्याकाळी ते घरी आले. आईच्या हातचा चहा प्यायले, बहिणीची चौकशी केली, प्रार्थना केली, आणि मग मला म्हणाले, चल जरा खाली. राणीच्या बागेच्या फुटपाथवरून आम्ही बराच वेळ नुसते चाललो. मग त्यांनी एकच शब्द विचारला, "किती?" मी म्हटलं काय किती, काहींचे पैसे यायचेत अजून. ते म्हणाले, "पावत्या मी दोनदा जोडल्यात. मला आकडा माहितीये. तू सांग." मी अजून एकदा खोटं बोललो. ते थांबले, चिडले नाहीत, नुसते थांबले. आणि मग मी सगळं सांगितलं, रस्त्यात रडलो.

मला वाटलं होतं आता म्हणतील जाऊ दे, मी भरतो. पेन्शन होती त्यांना, सहज भरता आले असते. ते म्हणाले, "शनिवारी कमिटीत तू स्वतः सांगायचं. तोवर मी कोणाजवळ बोलणार नाही, पाळकसाहेबांजवळसुद्धा नाही. पण शनिवारी तू बोलला नाहीस तर मला बोलावं लागेल. मी तुझ्या शेजारी बसेन." हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातलं, आधी एकट्याने जाऊन भावाला सांग, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपण सगळ्यांनी हे वचन शंभरदा ऐकलंय. मी माझ्या आयुष्यात ते जसंच्या तसं पाळलेलं तेवढं एकदाच बघितलं. एरवी आपल्याकडे क्रम उलटा असतो, आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि ज्याचं आहे त्याला शेवटी.

शनिवारी मी बोललो. कमिटीत एक गृहस्थ होते, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, त्यांनी नुकताच मंडळीत शिष्यत्वाचा वर्ग सुरू केला होता आणि मी त्यांच्या वर्गातला पहिला विद्यार्थी, सगळी पाठांतरं बिनचूक, वही पूर्ण. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "थैली यहूदाकडेही होती." यहूदा म्हणजे येशूला धरून देणारा शिष्य, शिष्यांच्या पैशांची थैली त्याच्याकडे असायची. त्या गृहस्थांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मामा हळूच म्हणाले, "हो, आणि प्रभूने त्याचेही पाय धुतले होते." योहानाचा 13 वा अध्याय नीट वाचा, पाय धुतले तेव्हा यहूदा तिथेच होता, तो बाहेर गेला ते नंतर. त्यावर कोणी काही बोललं नाही.

ठरलं असं की मला खजिनदारपदावरून काढायचं, आणि मी महिन्याला 500 असे सहा महिने परत करायचे, प्रत्येक वेळी पावती घेऊन. आणि मामांनी एक मागणं मागितलं की रविवारचं अर्पण मोजायला दुसरा माणूस म्हणून हाच द्या. दोघा-तिघांना ते अजिबात पटलं नाही. पाळकसाहेबांनी हो म्हटलं.

मग दोन वर्षं दर रविवारी उपासना संपली की मी आणि मामा व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत. नाणी दहा-दहाची चळत, नोटा एका तोंडाने, मासिक वर्गणीची पाकिटं वेगळी, पाकिटावरचा आकडा आणि आतला आकडा दोन्ही लिहायचे, जुळले नाहीत तर आतला खरा धरून त्या घरी सांगायचं. एकट्याने कधीच मोजायचं नाही, मामा पाणी प्यायला गेले तरी मी हात टेबलावरून काढून घ्यायचा, आणि मी गेलो तर तेही तसंच करायचे. दोन सह्या, मग कुलूप. हे करता करता ते बोलायचे. वर्कशॉपमध्ये असताना ते किती प्यायचे, पगाराच्या दिवशी मामींना गेटवर येऊन उभं राहावं लागायचं, आणि मंडळीतलाच एक जुना ड्रायव्हर वर्षभर दर पगाराला त्यांच्याबरोबर गेटपासून घरापर्यंत चालत आला, काही उपदेश न करता. त्यांना कोणी तसं केलं म्हणून त्यांनी मला तसं केलं. लिलावाची थकबाकी मागायलाही मी त्यांच्याबरोबर जायचो. एका घरी माणसाची नोकरी गेलेली होती, मला वाटलं मामा तिथेच नाव खोडतील, पण ते म्हणाले माझ्या हातात नाही, आणि कमिटीपुढे ठेवून मग खोडलं. दया करायची तीसुद्धा वहीत दिसली पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

आता शब्दाबद्दल. ग्रीकमध्ये शिष्यासाठी जो शब्द आहे, मॅथेटेस, त्याचा साधा अर्थ शिकणारा. नव्या करारात तो अडीचशेपेक्षा जास्त वेळा येतो आणि 'ख्रिस्ती' हा शब्द फक्त तीनदा. अंत्युखिया शहरात ज्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती म्हणाले ते आधी शिष्यच होते, प्रेषितांची कृत्ये 11:26. पण गंमत अशी की हा शब्द शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये यांतच आहे, पुढच्या पत्रांमध्ये एकदाही नाही. तिथे बंधू येतात, आणि 'एकमेकांना' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांजवळ पापं कबूल करा. मला यातून एवढंच कळतं की मंडळ्या उभ्या राहिल्यावर शिष्यत्व तिथेच एकमेकांत राहायला गेलं. घरात एकट्याने बायबल वाचून यातलं काय कराल? एकमेकांना करायला दुसरा लागतो. आणि तो बहुतेक वेळा तुम्हाला न आवडणाराच असतो.

गलतीकरांस पत्रात, 6:1 मध्ये, प्रेषित पौल म्हणतो की कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात सांगितलं की तिथलं क्रियापद तेच आहे जे मत्तय 4:21 मध्ये याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते तिथे आहे. ससून डॉकला जाळी दुरुस्त करणारे कोळी बघा कधी. फाटलेलं जाळं कोणी फेकून देत नाही, आणि नुसतं बघून ते नीटही होत नाही, मांडी घालून तासन् तास बसावं लागतं. मामा त्या दिवशी माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी नुसती मान हलवली.

आपल्या मराठीत अजून एक अडचण आहे. शिष्य म्हटलं की आपल्याला लगेच गुरू लागतो. टिळकांनी, म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी, त्याचा चांगला उपयोग केला, 1917 मध्ये साताऱ्याला देवाचा दरबार काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येशूचे शिष्य म्हणून एकत्र येऊ शकत होते, आणि गुरू एकच, ख्रिस्त. पण हल्ली कोर्स घेणारेच गुरू होऊन बसतात. अमुक माझा शिष्य, तमुक मी घडवला. मत्तय 23:8 मध्ये येशू स्पष्ट म्हणतो की स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एक आणि तुम्ही सगळे भाऊ.

तेच थैलीवाले गृहस्थ नंतर दुसऱ्या मोठ्या मंडळीत गेले, तिथे शिष्यत्वाचे वर्ग बघतात. मामांना शिवडीला मूठमाती दिली त्या दिवशी ते आले होते. बाहेर पडताना मला म्हणाले, भला माणूस, पण एवढ्या वर्षांत एकही शिष्य तयार केला नाही, एक वर्ग घेतला नाही कधी. मी तेव्हा काही बोललो नाही, मामी समोर होत्या. आज इथे बोलतो. एक केला. त्या एकाच्या हातून त्यानंतर एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. त्याने पुढे आणखी चार मुलांना अर्पण मोजायला बसवलं, आणि त्यातला एक आज पास्टोरेट कमिटीचा खजिनदार आहे. त्या गृहस्थांच्या वर्गात मला पाठांतराला शंभरपैकी शंभर मिळाले होते आणि त्याच महिन्यात मी 3000 उचलले होते. वर्गाला ते कळलं नाही, कळायची काही सोयच नव्हती, कारण आपण सगळे तिथे फक्त बरोबर उत्तरं द्यायला यायचो.

एवढं वाचून तुम्ही कोर्स सोडू नका हं. शिकवण लागतेच, मामांना मत्तय 18 कोणीतरी शिकवलं होतं म्हणूनच ते माझ्या घरी आले. सक्ती मला पटत नाही, पण 12 आठवडे काही फार नाहीत, करा. फक्त कोर्स घेणारा जर तुमचं लग्न कोणाशी करायचं, नोकरी कुठली घ्यायची, घरच्यांशी किती बोलायचं हे ठरवायला लागला तर तिथून निघा, ते शिष्यत्व नाही. आणि हे खाजगीत जाऊन बोलण्याचं वचन सगळ्याला लावू नका. लहान मुलांना कोणी हात लावला, बायकोला मारहाण केली, कोणी जबरदस्ती केली, तिथे सरळ पोलिसांकडे जायचं, कमिटीकडे दुसरं. अशी प्रकरणं मत्तय 18 सांगून दाबलेली मी ऐकली आहेत आणि मामा असते तर त्यांनीच आधी पोलिसांना बोलावलं असतं.

रविवारी उपासना झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. अर्पण कोण मोजतं, आजाऱ्यांकडे कोण जातं, खुर्च्या कोण उचलतं ते बघा, आणि त्यातल्या एकाला विचारा, मी येऊ का बरोबर. कोर्स शनिवारी असेल तर तोही चालू राहू दे.

माझे 3000 मे 1998 मध्ये फिटले. शेवटच्या 500 ची पावती बायबलमध्ये ठेवलेली आहे, मामांची सही आहे तिच्यावर, आणि खाली त्यांच्याच अक्षरात 'मिळाले, जुळले' असं लिहिलंय.