रॅम १६ जीबीची एक घ्यावी की ८ जीबीच्या दोन?

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्यासाठी आम्ही रायझन ५ ५६००जी प्रोसेसरचा संगणक जुळवून घेत आहोत. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणे परवडणारे नाही. दुकानदार म्हणतात, ३२०० वेगाची १६ जीबीची एकच रॅम घ्या, पुढे दुसरी घालायला जागा राहील. मुलाला ८ जीबीच्या दोन हव्या आहेत. कोणाचे ऐकावे? ३६०० वेगाची घेतल्यास फरक पडेल का?
– एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मुलाचे ऐकावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते, तर दुकानदारांचा सल्ला चालून गेला असता, कारण अशा कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. तुमच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्सला मात्र स्वतःची मेमरी नाही. पडद्यावरचे प्रत्येक चित्र उभे करण्यासाठी लागणारी माहिती त्याला त्याच रॅममधून उचलावी लागते, जिच्याकडे प्रोसेसरचीही सतत मागणी चालू असते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा ट्रक रिकामा होताना आपण पाहिला असेल. फळी एकच असेल, तर हमाल कितीही तयारीचे असोत, पोती एकामागून एकच उतरणार. शेजारी दुसरी फळी लावली की तेवढ्याच वेळात दुप्पट माल खाली येतो. रॅमचेही तसेच आहे. ३२०० वेगाच्या एका डीडीआर४ (तुमच्या संगणकाला लागणारा रॅमचा प्रकार) रॅममधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, तर दोन चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधील दोन स्वतंत्र वाटांवर, दोन लावल्यास ५१.२ जीबी. एकच ३६०० ची घेतली, तर आकडा २८.८ वरच थांबतो. उलट २४०० वेगाच्या दोन जुन्या रॅमही ३८.४ पर्यंत जातात. म्हणून ३६०० साठी पैसे वाढवू नयेत. या प्रोसेसरसाठी अधिकृत वेग ३२०० पर्यंतचाच आहे. त्याच वेगाचा, एकाच पाकिटातला जोड घ्यावा.

मिरजेतील एका विद्यार्थ्याचा संगणक मी पाहिला होता. मदरबोर्डावर (सगळे भाग ज्यावर बसवतात तो मुख्य बोर्ड) रॅम बसवण्याच्या चार खाचा, म्हणजे स्लॉट, होते आणि जुळवणाऱ्याने दोन्ही रॅम प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी बसवल्या होत्या. ते दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे असल्याने दोन रॅमचे पैसे मोजूनही काम एका फळीवरच चालले होते. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डावर दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो; तरीही बोर्डाच्या पुस्तिकेतील आकृती पाहूनच रॅम बसवून घ्यावी.

दुकानातून निघण्यापूर्वी संगणक सुरू करून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पाहावा. पाकिटावर ३२०० असूनही तेथे २१३३ किंवा २६६६ दिसल्यास बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (काही बोर्डांवर डीओसीपी) ही रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सोय चालू करून घ्यावी. १६ पैकी १४ जीबीच वापरता येण्याजोगी दिसली, तर रॅम सदोष आहे असे समजू नये. उरलेली २ जीबी ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते आणि तिचे प्रमाण बायोसमधून बदलता येते. याच कारणाने एकूण ८ जीबीवर भागवण्याचा विचार मी सुचवणार नाही.

पुढे रॅम वाढवण्याची दुकानदारांची काळजी रास्त आहे. त्यासाठी चार स्लॉटचा बोर्ड बजेटमध्ये बसतो का, हे त्यांनाच विचारावे.