'वैमानिका' नव्हे, वैमानिकच

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शिक्षिकाबाईंचा प्रश्न असा आहे : शाळेच्या भित्तिपत्रकावर 'हरिता कौर देओल, भारताच्या पहिल्या महिला वैमानिका' असा मथळा दिला असता सहकाऱ्यांनी तो खोडून 'वैमानिकी' केला, यांपैकी शुद्ध रूप कोणते?

मराठीत दोन्ही नकोत. 'वैमानिका' ऐकून तर आता कान किटले आहेत. गायिका, शिक्षिका यांच्या चालीवर हे रूप पाडले जाते. पण गायक, शिक्षक या शब्दांच्या शेवटी 'अक' आहे आणि त्याचेच स्त्रीलिंगात 'इका' होते. 'वैमानिक' या शब्दात 'इक' प्रत्यय आहे. शकटाने, म्हणजे गाड्याने, जातो तो शाकटिक, तसा विमानाने संचार करतो तो वैमानिक, आणि संस्कृतात त्याचे स्त्रीलिंग 'वैमानिकी' होते. सहकाऱ्यांचे संस्कृत चोख आहे; मात्र भित्तिपत्रक मराठी आहे. सैनिक आणि नागरिक हे शब्दही 'इक'वाले आहेत. 'ती सैनिकी आहे' किंवा 'ती नागरिका आहे' असे आपण म्हणत नाही, कारण लिंग दाखवण्याचे काम मराठीत क्रियापद करते. 'वैमानिक उतरल्या' एवढ्याने भागते.

खरी गोडी 'विमान' या शब्दात आहे. 'वि म्हणजे पक्षी, आणि पक्ष्यासारखे ते विमान' ही व्युत्पत्ती व्याख्यानांतून आणि काही जाणत्यांच्या लेखांतूनही बिनदिक्कत सांगितली जाते. ती मला साफ अमान्य आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील हिरण्यगर्भ सूक्तात 'यो अन्तरिक्षे रजसो विमानः' असे म्हटले आहे. अंतरिक्षातील प्रदेश मापणारा, हा तेथे सरळ अर्थ आहे आणि पक्ष्याचा मागमूसही नाही. 'वि' हा उपसर्ग आणि 'मा' म्हणजे मापणे हा धातू, इतकी ही उघड घडण आहे. आपले 'माप' याच धातूचे, आणि म्हणून खळ्यावर ज्वारीच्या राशीपाशी बसून पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणारा मापारी हा वैमानिकाचा सख्खा शब्दबंधू ठरतो. वऱ्हाडी बोलीत विहिरीची जशी इहीर होते, तसे विमानाचे इमान होते, आणि आरंभीचा 'व' गेला तरी त्यातले 'मान' शाबूत राहते. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या जैन मंडळींना तर 'वैमानिक' हा शब्द यंत्राचे विमान येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. त्यांच्या ग्रंथांत विमानांत राहणाऱ्या देवांच्या वर्गाला वैमानिक म्हणतात.

वैमानिकाचे काम पाहिले तर मापणाऱ्याचा हा अर्थ मला अधिकच पटतो, कारण तेथे उंची फुटांत, अंतर सागरी मैलांत आणि अनुभव उड्डाणाच्या तासांत मोजला जातो. चंडीगडच्या हरिता कौर देओल यांनी हे मापन हैदराबादजवळच्या डुंडीगल येथील हवाई दल अकादमीत आणि पुढे बंगळुरूजवळ येलहंका येथे आत्मसात केले. हवाई दलाने अल्पमुदतीच्या कमिशनसाठी निवडलेल्या पहिल्या सात महिला छात्रांपैकी त्या एक होत्या. २ सप्टेंबर १९९४ रोजी त्यांनी ॲव्हरो एचएस-७४८ या दोन इंजिनांच्या वाहतूक विमानाचे एकल उड्डाण केले, तेव्हा त्यांचे वय २२ होते. हवाई दलात एकल उड्डाण करणाऱ्या त्या पहिल्या महिला. एकल म्हणजे प्रशिक्षकाविना. 'विमानात दुसरे कोणीही नव्हते' असे त्याचे स्पष्टीकरण देऊ नये. अवघ्या दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १९९६ रोजी, आंध्र प्रदेशात ॲव्हरोच्याच अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

मथळ्यात प्रत्ययापेक्षा मोठी चूक आहे ती वस्तुस्थितीची, आणि ती सहकाऱ्यांच्याही नजरेतून सुटली. विमानचालनाचा परवाना सरला ठकराल यांनी १९३६ सालीच मिळवला होता; त्यामुळे 'भारताच्या पहिल्या' हे शब्द हरिता यांच्या नावापुढे लावता येत नाहीत. 'भारतीय हवाई दलात एकल उड्डाण करणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक' असा मथळा द्यावा. येथे 'महिला' हा शब्द गाळला तर हवाई दलात त्यांच्याआधी कोणीच एकल उड्डाण केले नव्हते असा अर्थ होईल, म्हणून तो शब्द राहू द्यावा. पुढच्या मजकुरात मात्र तो पुन्हा पुन्हा घालू नये.