रुक्मिणीचा रथ नेमका कुठून निघाला?

लाडक्या ईरास,

शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं ते जुन्या राजाच्या दंतकथेचं चित्रपुस्तक वाचून तू दोन गोष्टी विचारल्यास. आपल्या गोष्टींची अशी यमकातली पुस्तकं नव्हती का? आणि यमक जुळावं म्हणून गोष्ट बदलली, तर ती खोटी नाही का होत?

रंगीत पुस्तकं आमच्या घरी नव्हती. चित्र म्हणजे श्रावणात देवघराच्या भिंतीवर चिकटवलेला जिवतीचा कागद. त्यात नरसिंह, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, पोरंबाळं घेतलेल्या जिवत्या, हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. मजकूर शोधून सापडायचा नाही. गोष्ट माझी आजी सांगायची, आणि दरवर्षी थोडी वेगळी.

यमक मात्र गावात पोत्यानं होतं. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की माणसं झडत्या, म्हणजे यमकातल्या टोमण्यांच्या ओळी, म्हणायची. एकानं झडती फेकली की दुसऱ्यानं वरचढ फेकायची, आणि त्यात सरपंचापासून सावकारापर्यंत कोणी सुटायचं नाही. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणायचो. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. पण गाण्यातली पार्वती कैलासावर बसलेली नसते. तिला सासू असते, नणंद असते, माहेरी जायला परवानगी लागते. गाणी संपली की खाऊ ओळखायचा. खरं सांगायचं तर अर्धं लक्ष त्या डब्याकडेच असायचं!

आता तुझा दुसरा प्रश्न. त्यासाठी रुक्मिणीच घेऊ, ती आपल्याच भागातली. विदर्भाच्या भीष्मक राजाची ही लेक. भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी लावायला निघाला होता, तेव्हा तिनं एका ब्राह्मणाबरोबर कृष्णाला निरोप धाडला. भागवतात तो सात श्लोकांचा आहे. मी देवीच्या दर्शनाला येईन, तिथून मला ने, असा बेतही तिनंच कळवला. तुझ्या त्या पुस्तकातली राजकन्या मनोऱ्यात बसून वाट बघते, म्हणून मला ती जरा आळशी वाटली.

ही कथा मराठीत यमकात आणली ती आपल्याच अमरावती जिल्ह्यात. तेराव्या शतकात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू तिथे राहत. त्यांच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला आणि महदंबा नावाच्या बाईनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. पुढे एकनाथांनी हीच कथा ओवीत लिहून 1571 मध्ये काशीला पूर्ण केली. ओवीचे पहिले तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड. त्यामुळे अक्षर न येणाऱ्या बायकांनाही ओवी पाठ व्हायची. एक शब्द विसरला तर यमकच आठवण करून द्यायचं, आणि मनाचा शब्द घुसवला तर ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकायचा. म्हणजे यमक गोष्ट बदलतं तसं ते गोष्टीची राखणही करतं.

तरी कथा बदलतेच. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर म्हणतं, रुक्मिणीचं हरण आमच्याकडून झालं. तिथून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, माहेरची म्हणून. साधारण 40 किलोमीटरवर अमरावतीत अंबादेवी आहे. तिथले लोक सांगतात, कृष्णानं तिला आमच्याच देवळातून नेलं. दोन्हीकडची माणसं छातीवर हात ठेवून सांगतात. लहानपणी मी माझ्या आजीला विचारलं होतं, यातलं खोटं कोणतं. ती म्हणाली, "खोटं कायचं वं? माह्या मायनं सांगतलं."

माझं मत विचारशील तर, यमकासाठी रथाचा रंग बदलला तरी चालेल. पण निरोप रुक्मिणीनं धाडला हे काढून टाकलं, तर ती मला चोरी वाटेल. तुझं पुस्तक वाचताना मला तेवढंच बघावंसं वाटतं: कथेतल्या माणसाचं धाडस शाबूत आहे का.

रविवारी तुझ्या आजीला फोन लाव आणि तिच्याकडून रुक्मिणीची गोष्ट ऐक. मग तू चित्रं काढ, ओळी आपण दोघी जुळवू. देऊळ कौंडण्यपूरचं काढायचं की अमरावतीचं, ते तूच ठरव. अमरावतीचं काढलंस तर आजीला दाखवण्याआधी मला सांग, तिचं माहेर कौंडण्यपूरकडचं आहे.

तुझी,
आई