गोड बोलू की खरं बोलू?

"मॅडम, ख्रिस्ती माणसानं रागानं बोलू नये म्हणतात, मग मनातलं बोलायचं तरी कधी?" कोल्हापुरात हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता लिहूनच टाकते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

शाहूपुरीतल्या एक ताई आलेल्या. मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 ला कोल्हापुरात आले तेव्हापासूनचं आमचं घराणं, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून झालं. दर रविवारी उपासना संपली की दिराचं अख्खं कुटुंब जेवायला यांच्याकडं, धाकटी जाऊ हात हलवत येणार आणि या चार वर्षं "होतंय की गं, बस तू" म्हणणार. मग ईस्टरला भरल्या पंगतीत, "फुकटचं गिळायची सवयच लागलीय तुम्हाला!" त्यानंतर चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यायला उठायचीही लाज वाटायला लागली.

"ती तशीच आली की मनात काय येतं?"

"तिला कळायलाच पाहिजे."

"तो 'च' काढून म्हणा बघू."

बराच वेळ गप्प. मग, "कळायला पाहिजे... पण मी सांगितलंय कुठं?"

राग समोरच्यापेक्षा आपल्या या 'च'मध्येच जास्त असतो हे माझं जुनं मत (बघा, माझाही आलाच).

पण त्यांचं खरं अडलेलं बायबलमधल्या एका वचनापाशी. कलस्सैकरांस पत्रात, चौथ्या अध्यायात, प्रेषित पौल म्हणतो की बोलणं कृपायुक्त, मिठानं रुचकर असावं. म्हटलं, त्याच अध्यायाची शेवटची ओळ वाचा. माझी बंधनं आठवा, असं सांगतोय तो. कैदेतला माणूस, आपली अडचण सरळ सांगतोय, टोमणा नाही की रडगाणं नाही.

ताई पुस्तकावर बोट ठेवून बसल्या. "पांढऱ्या रश्शात मी मीठ चाखत चाखत घालते ओ. हिच्यावर चार वर्षांचं एकदम ओतलं."

मी काहीच बोलले नाही. असल्या वाक्यावर आपण बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

तर खटकलं की शक्यतो त्याच दिवशी, बाजूला घेऊन, चिमूटभर बोला. "तू कधीच" नं सुरुवात नको, काय हवंय ते सांगा. आणि माफी मागितली की तिला "पण" चिकटवू नका, तिथं सगळं नासतं.

ताईंनी आधी माफी मागितली, दोन दिवसांनी फोन केला, "रविवारी मटण माझ्याकडं, भाकरी तू आण."

"एवढंच व्हय वैनी? आधी सांगायचं नाही का!"

भाकरी जाड होत्या म्हणे. तेही सांगितलं, त्याच दिवशी.