अक्षर न वाचता येणाऱ्याने हस्तलिखित कसे पाहावे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

डब्लिन कॅसलच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात तू जाऊन आलीस आणि बाहेर पडताना स्वतःला निरक्षर ठरवून मोकळी झालीस, हे तुझ्या पत्रातून कळले. ग्रीक येत नाही, अरबी येत नाही, चिनी तर नाहीच. मग काचेपलीकडच्या त्या पानांसमोर उभे राहण्याचा आपल्याला अधिकार काय, असे तू विचारतेस. आधी या लिपी शिकाव्यात की हा नादच सोडावा, याचा निकाल मी द्यावा अशी तुझी अपेक्षा दिसते. मी दोन्ही नाकारतो. तू पानांत अर्थ शोधलास आणि तो सापडला नाही म्हणून पान सोडून पुढे गेलीस. लिहिणाऱ्याचा हात बघ, वाचणे नंतरचे, एवढेच मला सांगायचे आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रांच्या ग्रीक पपायरसपासून सुरुवात कर. इसवी सन २०० च्या सुमाराची ही वही आहे. तिची ८६ पाने उरली, त्यांतली ५६ डब्लिनला आहेत आणि ३० अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात. संग्रहालय त्यांतली मोजकीच मांडते. तू तिथे 'तपकिरी चिंध्या' पाहिल्यास म्हणतेस. बरे, त्या चिंध्यांच्या जवळ जा. एका बाजूचे तंतू आडवे आणि दुसऱ्या बाजूचे उभे आहेत, कारण लव्हाळ्यासारख्या त्या वनस्पतीच्या पट्ट्या एकीवर एक काटकोनात ठेवून, दाबून ते पान तयार केलेले आहे. आता ही वही बांधली कशी ते ऐक. ५२ ताव एकावर एक रचून मधोमध एकदाच दुमडलेले, म्हणजे १०४ पाने. मजकूर तेवढ्यात बसेल की नाही, याचा अंदाज लेखनिकाने लिहायला बसण्यापूर्वीच करायला हवा होता, आणि तो अंदाज चुकला. सुरुवातीला पानावर २६ च्या आसपास ओळी होत्या. अर्धी वही उलटल्यावर त्या वाढत वाढत तिशीच्या वर गेल्या. आंतरदेशीय पत्राच्या शेवटी आमची पिढी कडेकडेने अक्षरे कोंबत असे, तोच प्रकार. त्या माणसाची घालमेल समजायला ग्रीकचे एक अक्षर तरी लागते का?

मला स्वतःला ग्रीक येत नाही आणि अरबीही येत नाही. इतकी वर्षे या शहरात राहून, या संग्रहालयाचे दार मोफत उघडे असताना, मी एकही लिपी शिकलो नाही, याला आमच्या घरी आळस म्हणतात. म्हणोत. माझे आयुष्य ड्रॉइंग बोर्डावर गेले. रेषा कुठे आत्मविश्वासाने ओढली आणि कुठे मनगट अडखळले, हे मला कागद हातात न घेता कळते, आणि ही ओळख कोणत्याही शब्दकोशातून आली नसती. शिकू नये असे मी म्हणत नाही. शिकेपर्यंत बघायचे थांबू नये, असे म्हणतो, आणि या दोहोंतला फरक मला घरात अजून कोणाला पटवता आलेला नाही.

इब्न अल-बव्वाबने बगदादमध्ये इसवी सन १०००-०१ मध्ये लिहिलेले कुराण तिथे आहे. मांडलेले असेल तेव्हा त्याच्यासमोरून घाईने हलू नकोस. आधीची अनेक कुराणे चामड्यावर, जाड कोनीय अक्षरांत लिहिलेली. हे कागदावर, गोलाईदार नस्ख वळणात आहे आणि तळहाताहून थोडेच मोठे आहे. हा माणूस आधी घरे रंगवून सजवणारा कारागीर होता, असे जुने चरित्रकार सांगतात. बोरूचा काप एकाच कोनात धरून पानामागून पान लिहीत जाणे काय असते, हे घरी एक ओळ लिहून बघ, म्हणजे त्याचा हात दिसू लागेल.

अकबराच्या काळातली योगासनांची चित्रे मात्र तुला आवडली, कारण आसने ओळखीची निघाली. इथे मला थोडा राग आला. तो फारसी ग्रंथ, 'बहर-उल-हयात', १६०० ते १६०४ च्या दरम्यान अलाहाबादेत शाहजादा सलीमसाठी चितारला गेला, आणि तू त्यातले आसन ओळखून 'आपलेच आहे' म्हणून पुढे गेलीस. ओळखले म्हणजे पाहिले असे नव्हे. योग्याच्या अंगाची रेषा किती बारीक कुंचल्याने, किती वेळा उचलून काढली आहे, तिकडे तुझे लक्षच गेले नाही. ओळखीचे आणि अनोळखी, दोन्ही चुकवायला तुला एकच सबब पुरली: अर्थ.

हा संग्रह खाणींच्या, त्यातही आफ्रिकेतल्या तांब्याच्या खाणींच्या पैशातून उभा राहिला, हे तुला टोचले. टोचायलाच हवे. हा संग्रह जमवणारा बीटी खाणअभियंता होता, १९५० साली तो डब्लिनला आला, १९५७ मध्ये आयर्लंडचे पहिले मानद नागरिकत्व त्याला मिळाले आणि १९६८ मध्ये तो वारला तेव्हा संग्रह विश्वस्त निधीच्या रूपाने लोकांकडे गेला. त्याचा हिशेब जरूर माग. पण बगदादच्या कारागिराला त्या हिशेबात धरू नकोस.

माझी खंत पुण्याची आहे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळावरून मी तरुणपणी रोज जात असे. मोडी येत नाही तर आत जाऊन काय करणार, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मी ते मुकाट्याने ऐकले. हरताळ लावून खोडलेले अक्षर, तांबड्या समासरेषा, दोऱ्यासाठी मधे सोडलेली रिकामी जागा हे सारे लिपी न येणाऱ्या मुलालाही दिसले असते. म्हणून तुझ्या पत्रातला 'अधिकार' हा शब्द मला इतका झोंबला. तो तुझा नाही, तुझ्या कानात कोणीतरी घातलेला आहे.

शनिवारी पुन्हा जा. मी बरोबर येणार नाही, कारण मी आलो की बोलत बसेन. मोबाइल पिशवीत ठेव. दालनांत उजेड मंद असतो, कारण शाई आणि रंग उजेडाने विटतात, तेव्हा डोळे सरावेपर्यंत थांब. माहितीची पाटी शेवटी वाच. कोणतेही एक पान निवड आणि शाई कुठे फिकी होत गेली, कुठे एकदम गडद झाली ते शोध. लिहिणाऱ्याने बोरू कुठे कुठे बुडवला, ते मला लिहून कळव. त्या पानाबद्दलचे तुझे मत मला इतक्यात नको.

तुझा,
काका