आधी बरणीत गोगलगाय पाळ

अनेक आशीर्वाद.

नागपुरात राहून समुद्री शैवालावर काम करायचं म्हटलं तर लोक हसतील का, असं विचारलंस. हसतील. हसू देत. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि थेट बंगालचा उपसागर. २३ सप्टेंबर २०२३ ला काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरीखालच्या वस्त्यांत पाणी घुसलं, ते तुला आठवत असेलच. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. असा धो-धो पाऊस किनाऱ्यालगत पडला की लोंढा तासाभरात खडकांवर असतो.

पाठवलेल्या संशोधनाच्या आराखड्यात तू ‘लोंढ्याचा शैवालावर परिणाम’ असं एका दमात लिहून मोकळा झालास की काय, असं वाटलं. लोंढ्यातून गोडं पाणी येतं, गाळ येतो आणि नत्र-स्फुरदही येतं. तिन्हींचं काम वेगळं. समुद्राची क्षारता दर हजारी ३५ च्या आसपास. ती उतरली तरी उल्वासारखं पातळ हिरवं शैवाल बरंच सोसतं, आणि वर नत्र मिळालं की फोफावतं. सरगॅसम या तपकिरी शैवालाच्या कोवळ्या रोपांना मात्र खडकावर बसलेला गाळ जड जातो.

आता शैवाल खाणारे बघ. सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याला अंगातलं मीठ-पाणी राखता येत नाही, पाणी फार गोडं झालं तर तो मरतो. गोगलगाय कवचाचं दार लावून बसते आणि चरणं बंद. मग शैवाल वाढलेलं दिसलं, तर ते खतामुळे की चरणारा उपाशी बसल्यामुळे? माझ्या मते तुझा प्रश्न हाच आहे. बाकीचं पुष्कळांनी केलंय.

म्हणून शैवाल आणि प्राणी वेगवेगळे ठेव, काही मचूळ म्हणजे कमी खारट पाण्यात, काही खाऱ्या पाण्यात, मग चारही जोड्या लाव: मचूळ पाण्यातलं शैवाल खाऱ्या पाण्यातल्या गोगलगायीला, आणि उलटही. प्रत्येक जोडीसोबत गोगलगायीविना एक बरणी हवीच. शैवाल आपोआपही वाढतं, झडतं. ती बरणी नसेल तर किती खाल्लं हे सांगताच येणार नाही. वजनाआधी टिपकागदावर दर वेळी सारखंच टिप, नाहीतर पाणीच मोजत बसशील.

हात बसवायला समुद्र लागत नाही. तळ्यातल्या गोगलगायी आणि पाणवनस्पती घेऊन महिनाभर हेच कर. कंटाळवाणं आहे, पण कर.

मालवण-रत्नागिरीकडे पावसाळा सरल्यावर जा. खडकावर शैवाल तेव्हा वाढू लागतं. तिथल्या जिवांना जुलैचा पाऊस नवा नाही. ऑक्टोबरात, नवी रोपं धरत असताना, अवकाळी लोंढा आला तर काय होतं ते बघ. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास लागते, तेव्हा तिकीट काढण्याआधी तिथी बघून घे. आराखडा सुधारून पाठव, पण दोन पानांच्या वर नको.